चारही एकदम पेटल्या पाहिजेत

जिंतूर तालुक्यातल्या एका शिवारात, नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात, आम्ही चार मोटारींचं मॉडेल रॉकेट उभं केलं होतं. मोटार म्हणजे इथे दारू भरलेला नळा, तेच रॉकेटचं इंजिन. रान नांगरलेलंच हवं असा माझा हट्ट असतो; ज्वारीच्या वाळल्या धसकटांत ठिणगी पडली तर आवरत नाही. पोरं लांब बांधावर बसलेली. लांबून वीज सोडायच्या पेटीवरचा, जोडणी नीट आहे का ते दाखवणारा तपासणीचा दिवा लागला, उलटी मोजणी झाली, बटण दाबलं. रॉकेट उठलं खरं, पण आधाराची उभी दांडी सोडताच एका अंगाला कललं आणि दोन वावरं ओलांडून ढेकळांत आदळलं.

उचलून पाहिलं तर तीन मोटारींचे नळे रिकामे आणि चौथीत दारू तशीच. तिचा इग्नायटर, म्हणजे विजेनं मोटार पेटवणारी वात, हळूच ओढून काढला. टोकावरचा काळा लेप जसाच्या तसा होता; तारेचा एक पाय मात्र मुळाशी तुटून नुसत्या कागदी पट्टीच्या आधारानं राहिलेला. मल्टिमीटर लावला, तर डावीकडे एकटा ‘१’. म्हणजे विजेची वाट बंद. मग तपासणीचा दिवा लागलाच कसा?

इग्नायटर म्हणजे दोन पायांच्या मध्ये नायक्रोमसारखी केसाएवढी बारीक तार, आणि तिच्यावर झटकन पेट घेणारा लेप. वीज गेली की तार लालबुंद होते, लेप भडकतो आणि मोटारीतलं इंधन धरतं. चार इग्नायटर एकसर, म्हणजे एकापाठोपाठ एकाच वाटेवर जोडले, तर जो आधी जळतो तो वाट तोडतो आणि मागचे तसेच राहू शकतात. म्हणून क्लस्टरमध्ये, म्हणजे एकदम पेटवायच्या मोटारींच्या जुडग्यात, ते समांतर जोडतात, प्रत्येकाला वेगळी वाट. पण समांतर जोडणीत एक तुटका असला तरी उरलेल्या तिघांतून वीज वाहते, आणि दिवा लागतो. ‘एक तरी वाट चालू आहे’, एवढंच तो दिवा सांगत होता. आम्ही समजलो, चारही चालू आहेत.

तेव्हापासून एक नियम केला. जोडण्याआधी प्रत्येक इग्नायटरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वेगळा मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. जोडल्यावर मोजून उपयोग नाही. ०.८ ओहमचे चार समांतर जोडले की ०.२ ओहम होतात, तीनच चालू असतील तर ०.२७. एवढा फरक साध्या मीटरला कळत नाही.

इग्नायटर निवडताना लोक ‘कोणता जास्त जोरदार’ असं विचारतात. क्लस्टरसाठी माझा प्रश्न वेगळा असतो: चारही एकसारखे आहेत का? एकाच पाकिटातले, एकाच जातीचे, रोध जवळपास सारखा असलेले. कमी रोधाच्या तारेत वीज जास्त जाते, ती आधी तापते. दोन जाती मिसळल्या की एक मोटार आधी आणि दुसरी मागून पेटते. छोटी मोटार दोनेक सेकंदच जळते, त्यात अर्ध्या सेकंदाचा उशीर फार झाला. तोवर रॉकेटनं दांडी सोडलेली असते, आणि न पेटलेल्या मोटारीच्या बाजूला त्याचं नाक झुकतं.

गणितही निष्ठुर आहे. एक इग्नायटर शंभरातून ९५ वेळा पेटतो म्हटलं तर चांगला वाटतो. पण चारही पेटण्याची शक्यता ८१ टक्क्यांवर येते, म्हणजे जवळजवळ दर पाचवं उड्डाण वाकडं. ९९ टक्क्यांचा घेतला, तर ९६.

आणि चांगला इग्नायटरही विजेविना लंगडा. हे शेतकऱ्याला समजावावं लागत नाही. लांबलचक बारीक केबलवर बोअरची मोटार उचलत नाही, हे त्यानं पाहिलेलं असतं. समजा, प्रत्येक इग्नायटरला २ अँपिअर लागतात, चारांना ८. पेटी १० मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तार. ती ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल तर तिचा रोध सुमारे ०.७ ओहम, आणि साडेपाच व्होल्ट तारेतच जिरतात. पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टांत मग उरतं काय? २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर जेमतेम एक व्होल्ट जातो. म्हणून आम्ही १२ व्होल्टची मोटारसायकलची बॅटरी आणि जाड तार वापरतो. क्लिपांचे दात सँडपेपरनं घासतो आणि दोन क्लिपा एकमेकींना चिकटणार नाहीत हे डोळ्यांनी पाहतो. चिकटल्या तर सगळी वीज तिथूनच निघून जाते.

बसवतानाही घाई नको. काळ्या दारूच्या मोटारीत इग्नायटरचं टोक इंधनाला टेकलंच पाहिजे; मिलिमीटरभर फट राहिली तरी लेप जळून जातो आणि मोटार थंडच राहू शकते. कंपोझिट मोटार, म्हणजे रबरासारख्या घट्ट इंधनाची, पेटायला आणखी हट्टी. तिच्यात टोक आतल्या पोकळीच्या पार वरपर्यंत न्यावं लागतं. क्लस्टरची सुरुवात काळ्या दारूच्या, तयार मिळणाऱ्या मोटारींनीच करावी. घरी दारू ठासण्याचा विचारही करू नका.

रशियाच्या सोयूझ रॉकेटच्या तळाशी २० मुख्य दहनकक्ष असतात. त्यांत बर्च लाकडाच्या काठ्यांवर बसवलेले पेटवणारे गोळे घालतात. प्रत्येक ठिकाणी एक तार असते. गोळा पेटला की ती जळून तुटते आणि संदेश जातो. सगळीकडून संदेश आला, तरच इंधनाच्या झडपा उघडतात. एकही राहिला, तर उड्डाण थांबतं. तिथेही प्रत्येकाची चौकशी वेगळी होते.

आमच्या पेटीवर आता चार दिवे आहेत, प्रत्येक इग्नायटरचा वेगळा. तपासणीची वीज इतकी कमी ठेवली आहे की तार कोमटसुद्धा होत नाही. गेल्या खेपेला तिसरा दिवा लागला नाही. बटण दाबलंच नाही. पेटीची किल्ली काढून खिशात ठेवली, पूर्ण एक मिनिट थांबलो आणि मग एकटाच रॉकेटजवळ गेलो. क्लिप निसटली होती.