ऑटिझम आईमुळे होत नाही, मोबाईलमुळेही नाही

"आई नोकरीवर, मूल मोबाईलवर, म्हणून ऑटिझम झाला," असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खरा नाही.

ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे. त्याची सुरुवात बहुतेकदा जन्माआधीच होते आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एक मूल स्वमग्न असेल, तर दुसरंही तसं असण्याची शक्यता वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा बरीच जास्त असते. आई आणि घर तर दोन्हीकडे एकच!

मग हा समज टिकला कसा? लक्षणं ठळक होतात दीड-दोन वर्षांच्या सुमारास, आणि मोबाईलही साधारण तेव्हाच हातात येतो. अति स्क्रीनमुळे बोलणं लांबू शकतं, म्हणून ती कमी करावीच. पण तिच्यामुळे ऑटिझम होतो असं त्यातून ठरत नाही.

पडताळायचं असेल तर पहिल्या वाढदिवसाचे जुने व्हिडिओ पाहा. हाक मारल्यावर मूल वळतं का, नजर देतं का? अनेकांत खुणा तेव्हाच दिसतात. काहींत आलेले शब्द नंतर जातात. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची प्राथमिक चाचणी आहे. ती निदान नव्हे. सोबत श्रवणचाचणी आणि विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांची भेट हवीच.

अपराधीपणापायी आईवडील गप्प राहतात आणि तपासणी लांबते, खरं नुकसान ते. मुलाने पहिल्यांदा बोटाने काही दाखवलं की वाटणारा अभिमान मात्र त्यांच्या हक्काचा आहे.