मॅमोग्राफी

मॅमोग्राफी : स्तनातील कर्करोगाची गाठ निरोगी ऊतकापासून वेगळी ओळखण्यासाठी कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी केली जाणारी तपासणी. छातीच्या एक्स-रेत हाड आणि हवा यांतला फरक सहज दिसतो. स्तनात मात्र चरबी काळपट दिसते, ग्रंथींचे ऊतक पांढरे आणि गाठही पांढरीच. खरी मेख इथेच आहे. तरुण वयात ग्रंथींचे प्रमाण जास्त असते, तेव्हा गाठ त्या पांढऱ्यात बेमालूम लपते.

बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये, शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे प्रत्यक्ष गाठींशी ताडून पाहिली. चुन्याचे बारीक कण त्यांच्याही नजरेस आले होते. या कणांचे निदानातले मोल पुढे उरुग्वेच्या राऊल लेबोर्ग्ने यांनी दाखवले. आजही तज्ज्ञ चित्र मोठे करून हेच कण शोधतात. ठसठशीत, गोलसर कण बहुधा निरुपद्रवी; अर्ध्या मिलिमीटरहून लहान, वेडेवाकडे, दुग्धनलिकेच्या वाटेने फांद्या फुटल्यासारखे पसरलेले कण संशयास्पद. गाठीची कड गुळगुळीत आहे की काटेरी, हेही पाहतात.

किरणांची ऊर्जा वाढवली की चरबी आणि गाठ यांतला फरक पुसट होतो. म्हणून स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो यांनी १९६० च्या दशकात क्ष-किरण निर्माण करण्यासाठी मॉलिब्डेनम धातूची नळी वापरली. तिचे ठळक किरण कमी ऊर्जेचे, म्हणजे १७.५ आणि १९.६ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे (ऊर्जेचे एकक) असतात. (आजच्या डिजिटल यंत्रांत त्याआधीचा टंगस्टन धातू परतला आहे, नकोशी ऊर्जा अडवणाऱ्या ऱ्होडियम किंवा चांदीच्या गाळणीसह.) स्तन दोन पट्ट्यांत दाबतात. बायकांना नकोसा वाटतो तो हाच भाग, पण त्यामुळे किरणांची मात्रा कमी लागते आणि एकावर एक आलेले ऊतक पसरते. टोमोसिंथेसिसमध्ये नळी कमानीत फिरवून थरांची चित्रे घेतात. आयोडीनचे इंजेक्शन देऊन दोन ऊर्जांची चित्रे घेतली, तर जास्त रक्तपुरवठ्याची गाठ उठून दिसते.

किरण किती शोषले गेले याऐवजी ते कोणत्या कोनात विखुरले, हे मोजण्याचे प्रयोगही झाले आहेत. चरबी आणि गाठ यांचे विखुरण निराळ्या कोनांत सर्वाधिक असते. शिवाय कर्करोगग्रस्त नमुन्यांत कोलॅजन या आधार देणाऱ्या प्रथिनाच्या तंतूंची नियमित रचना विस्कटलेली आढळते. इटलीत त्रिएस्त येथील एलेत्रा सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रावस्था-भेदावर, म्हणजे ऊतकातून जाताना किरणांच्या तरंगांत पडणाऱ्या मागे-पुढे फरकावर आधारलेली मॅमोग्राफी प्रत्यक्ष रुग्णांवरही करून पाहिली गेली.

चित्रातला संशय हे निदान नव्हे. त्यासाठी सुईने तुकडा काढून बायॉप्सी करावी लागते.