ट्रोपोनिन चाचणी

हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का, हे रक्तातील ट्रोपोनिन या प्रथिनावरून ओळखणारी चाचणी. दवाखान्यांत ‘ट्रॉप-टी’ किंवा ‘ट्रॉप-आय’ या नावांनी ती ओळखली जाते. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा आधी ईसीजी काढतात. त्यात मोठ्या झटक्याची स्पष्ट चिन्हे दिसली, तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टची वाट न पाहता बंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याचे उपचार सुरू करावे लागतात. ईसीजीवरून उलगडा होत नाही, तिथे या चाचणीचे खरे काम असते.

स्नायूंच्या आकुंचनावर नियंत्रण ठेवणाऱ्या या प्रथिनसमूहाचा शोध जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात लावला. त्याचे सी, टी आणि आय असे तीन घटक आहेत. सी हा घटक हातापायांच्या काही स्नायूंतही तसाच असल्याने निदानाला उपयोगी नाही. टी आणि आय यांची हृदयातली रूपे मात्र वेगळी असतात. फक्त त्यांनाच पकडणारी प्रतिपिंडे वापरून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चाचण्या तयार झाल्या. टी घटकाच्या चाचणीचे श्रेय जर्मन हृदयरोगतज्ज्ञ हुगो काटुस यांच्या गटाला जाते. त्याआधी सीपीके-एमबी या विकरावर भिस्त होती, पण मुका मार किंवा अतिश्रमानेही ते वाढू शकते. २००० साली युरोप आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हार्ट अटॅकची व्याख्या नव्याने केली, तेव्हा ट्रोपोनिनला अग्रस्थान मिळाले.

रक्त कधी घेतले, याला रिपोर्टातल्या आकड्याइतकेच महत्त्व आहे. पेशी मरू लागल्यावर जुन्या पद्धतीच्या चाचणीत ट्रोपोनिन दिसायला साधारण ३ ते ६ तास लागतात. पुढे ते आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ वाढलेले राहते. दुखणे सुरू होऊन तासच झालेला असताना झटपट चाचणीच्या कार्डावर रक्ताचे थेंब टाकले, पंधरा-वीस मिनिटांत कंट्रोलची, म्हणजे कार्ड नीट चालल्याची, एकच रेघ उमटली आणि ‘निगेटिव्ह आहे, घरी जा’ म्हणून रुग्णाला पाठवले, तर ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी रुग्णाला थांबवून घेऊन काही तासांनी चाचणी पुन्हा करायलाच हवी.

उच्च-संवेदनशील चाचण्यांनी ही प्रतीक्षा कमी केली. त्या अनेक निरोगी माणसांच्या रक्तातलेही अत्यल्प ट्रोपोनिन मोजतात, त्यामुळे १ ते ३ तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतला फरक पाहता येतो. निरोगी लोकांपैकी ९९ टक्के ज्या पातळीखाली असतात, ती मर्यादा मानली जाते. टी घटकाच्या उच्च-संवेदनशील चाचणीत ती १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. आय घटकाची मर्यादा यंत्रागणिक बदलते आणि बायकांसाठी पुरुषांपेक्षा कमी धरतात. म्हणून दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. एककही पाहावे: ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच माप आहे.

वाढलेले ट्रोपोनिन इजा सांगते, इजेचे कारण सांगत नाही. हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, अतिवेगाने पडणारे ठोके यांतही ते वाढते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात ते कायम थोडे चढलेले असू शकते. तिथे दोन नमुन्यांत चढउतार आहे का, हेच निर्णायक ठरते. कोकणात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते, ते म्हणजे लाल विंचवाचा दंश. त्याच्या विषाने हृदयावर होणारा आघात आणि त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार यांवर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी मोलाचे काम केले आहे. अशा रुग्णाचे ट्रोपोनिन वाढलेले असले, तरी त्याच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेलच असे नाही.