शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवणे

भूल देण्याआधी ठरावीक काळ रुग्णाला तोंडावाटे अन्न व द्रव न देण्याची पद्धत. वॉर्डात तिला ‘एनबीएम’ (निल बाय माउथ, म्हणजे तोंडावाटे काहीही नाही) म्हणतात. भूल चढली की गिळण्याच्या व खोकल्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडतो आणि जठरातील पदार्थ घशात येऊन श्वासनलिकेत उतरू शकतात. घन कण श्वासमार्ग बुजवतात, तर आम्लधर्मी जठररस फुप्फुसाच्या अस्तराला इजा करतो. नियोजित शस्त्रक्रियांत हा अपघात विरळा आहे : अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या 1993 मधील अहवालात त्याचे प्रमाण नियोजित शस्त्रक्रियांत 3,886 भुलांमागे सुमारे एक असे आढळले.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक ती 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाखाली दगावलेल्या हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणाशी जोडतात. तिला शुद्धीवर आणण्यासाठी पाजलेले पाणी व ब्रँडी श्वासमार्गात गेल्याने मृत्यू झाला, असे क्लोरोफॉर्मचा वापर सुरू करणारे डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांचे मत होते. भूल देणारे इंग्रज डॉक्टर जॉन स्नो यांनी दोष क्लोरोफॉर्मच्या अतिमात्रेला दिला. स्नो यांचा खुलासा अधिक संभवनीय वाटतो, आणि तो मान्य केला तर या प्रकरणाचा भरल्या पोटाशी संबंध उरत नाही. स्नो यांच्या 1858 मधील ग्रंथात न्याहारीपूर्वीची वेळ उत्तम मानली आहे. ती साधत नसेल तर पुढच्या जेवणाच्या सुमाराची चालेल, असे म्हटले आहे. शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी 1883 च्या सुमारास घन व द्रव यांत स्पष्ट भेद केला : जठरात घन अन्न नसावे, पण क्लोरोफॉर्म देण्यापूर्वी सुमारे दोन तास कपभर चहा किंवा मांसाचा अर्क देणे हितकारक ठरते.

हा भेद पुढे पुसला गेला. प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये न्यूयॉर्कमधील एका प्रसूती रुग्णालयातील 44,016 गरोदरपणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात जठरातील पदार्थ श्वासमार्गात गेल्याच्या 66 घटना होत्या. दोन स्त्रिया दगावल्या, त्या घन अन्नाने श्वास कोंडून. पाहणी प्रसूतीतील भुलेची होती, तरी तिचा आधार घेऊन नियम सर्वच शस्त्रक्रियांना लागू झाला आणि साधारणतः 1960 च्या दशकापासून पाठ्यपुस्तकांत ‘मध्यरात्रीनंतर काहीही नाही’ हे सूत्र रूढ झाले. 1974 मध्ये 25 मिलि.पेक्षा अधिक व 2.5 पेक्षा कमी पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) असलेला जठररस धोकादायक, अशी मर्यादा मांडण्यात आली. तिच्यामागे माकडावरील तुटपुंजा प्राथमिक प्रयोग होता. रात्रभर उपाशी असलेल्या अनेक निरोगी माणसांच्या जठरातही याहून अधिक रस असतो. 1986 मध्ये मॉल्टबी व सहकाऱ्यांनी कॅनडात शस्त्रक्रियेच्या सुमारे अडीच तास आधी 150 मिलि. पाणी देऊन पाहिले. त्या रुग्णांच्या जठरातील रस वाढला नाही.

अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या 1999 पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी रुग्णाच्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी स्वच्छ द्रव 2 तास, आईचे दूध 4 तास, वरचे दूध व हलका आहार 6 तास आणि तळलेले, तेलकट किंवा मांसाहारी जेवण 8 तास बंद ठेवतात. मुलांसाठी युरोपीय भूलतज्ज्ञ संघटनेने 2022 मध्ये स्वच्छ द्रवाची मुदत 1 तासावर व आईच्या दुधाची 3 तासांवर आणली. पाणी, गाळलेला गरविरहित रस, साखरपाणी व कोरा चहा स्वच्छ द्रवात मोडतात. ताक, लस्सी व पेज मोडत नाहीत. दुधाच्या चहाबद्दल मतभेद आहे. 2011 च्या युरोपीय सूचनांत एकूण पेयाच्या सुमारे एक पंचमांशापर्यंत दूध चालते, असे बहुतेक सदस्यांचे मत नोंदले आहे. आपल्याकडच्या चहात दूध बहुधा याहून बरेच अधिक असते. म्हणून तो 6 तासांच्या गटात धरणे योग्य.

परिचर्येत चूक होते ती मुख्यतः सूचना देण्यात. ‘रात्री बारानंतर काही घेऊ नका’ असे सर्वांना सांगितले की त्या दिवसाच्या शस्त्रक्रियांच्या यादीत शेवटी असलेला रुग्ण दुपारी तीनपर्यंत पंधरा तास तहानलेला राहतो. शिरा आकसून सलाईनची सुई लावणे अवघड होते, चहाची सवय असलेल्याचे डोके दुखते, लहान मूल किरकिरे होते आणि त्याची रक्तशर्करा उतरू शकते. म्हणून परिचारिकेने प्रत्येक रुग्णासाठी यादीतील क्रमानुसार दोन वेळा केसपेपरवर लिहाव्यात : जेवण कधीपर्यंत, पाणी कधीपर्यंत. शस्त्रक्रिया सकाळी 10 ला असेल तर हलका आहार पहाटे 4 पर्यंत, पाणी 8 पर्यंत. हे रुग्णाबरोबर त्याच्याजवळ थांबणाऱ्या नातेवाइकालाही सांगावे. बिस्कीट किंवा चहा बहुधा तोच मायेने देतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर थिएटरमधून नवी वेळ विचारून, भूलतज्ज्ञांच्या संमतीने पुन्हा पाणी द्यावे.

थिएटरमध्ये नेण्यापूर्वी ‘उपाशी आहात ना?’ असे विचारू नये. उत्तर ‘हो’ येते आणि पहाटेचा चहा त्यात मोजलेला नसतो. ‘शेवटचे काय खाल्ले, काय प्यायलात, किती वाजता?’ असे विचारून वेळ नोंदवावी. एकादशीला किंवा चतुर्थीला ‘माझा उपवासच आहे’ असे सांगणाऱ्याने साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असू शकते. तुपातली, शेंगदाण्याच्या कुटाची ही खिचडी 8 तासांच्या गटात धरावी. मिश्री, तंबाखू, गुटखा यांबद्दल वेगळे विचारावे, कारण रुग्ण त्यांना खाणे समजत नाहीत. तोंडात तुकडे राहिले नाहीत ना, हेही पाहावे.

रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या व कोणत्या थांबवायच्या, हे आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे. उपाशी आहे म्हणून सगळीच औषधे बंद करणे घातक ठरते. बीटा-रोधक (हृदयगती व रक्तदाब कमी ठेवणारी) गोळी अचानक तुटल्यास हृदयगती व रक्तदाब उसळतात. मधुमेही रुग्णाला शक्यतो यादीत पहिला ठेवतात. त्याला नेहमीचे इन्शुलिन देऊन उपाशी ठेवणे ही वॉर्डातील सर्वांत धोक्याची चूक आहे.

आतड्याचा अडथळा, प्रसूतीच्या कळा, जुन्या मधुमेहाने मंदावलेले जठर, अफूजन्य वेदनाशामके किंवा अपघात यांत तासांचा हिशेब फसतो. अपघातग्रस्ताच्या बाबतीत शेवटच्या जेवणापासून दुखापतीपर्यंतचा काळ महत्त्वाचा असतो. दुखापतीनंतर जठर जवळजवळ रिकामे होत नाही. अशा रुग्णाचे पोट भरलेलेच समजून जलद क्रमाने भूल देतात, म्हणजे झटपट भूल चढवून लगेच श्वासनलिकेत नळी घालतात. परिचारिकेने घशात आलेले पदार्थ ओढून घेणारे शोषक यंत्र चालू करून त्याची नळी रुग्णाच्या डोक्याशी ठेवलेली असावी आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवता येते का, हे भूल सुरू होण्याआधी तपासलेले असावे.