‘बीस साल बाद’ कुठला आणि ‘कोहरा’ कुठला?

आमच्या मावशीला ‘कोहरा’ हा जुना हिंदी चित्रपट फार आवडतो. परवा जेवताना ती त्याची गोष्ट सांगत होती: ठाकुरांच्या घराण्यातले पुरुष एकेक करून मरतात, रात्री दलदलीकडून बाईच्या गाण्याचा आवाज येतो... मी म्हटलं, “अगं मावशी, हा ‘बीस साल बाद’.” तर म्हणाली, “तेच ते. विश्वजीत, वहिदा, ओसाड हवेली. काय फरक आहे?”

तिचं अगदीच चुकलं असंही नाही. ‘बीस साल बाद’ १९६२ चा, ‘कोहरा’ १९६४ चा. दोन्हींचा दिग्दर्शक बिरेन नाग, निर्माता आणि संगीतकार हेमंत कुमार, जोडी तीच. दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत वस्तीपासून तुटलेलं घर, बाहेर धुकं आणि रात्री लताबाईंचा आवाज. (मिथुनचा ‘बीस साल बाद’ पुष्कळ नंतरचा. तो यात घेऊ नका, गोंधळ आहे तेवढा पुरे.)

ओळखायची खूण सोपी आहे: त्या घरात परकं कोण, ते बघा.

‘बीस साल बाद’मध्ये परका आहे तो विश्वजीत. वारसदार म्हणून तो हवेलीत येतो आणि वहिदा ही त्याच गावातली, तिथल्या वाटा पाठ असलेली मुलगी. मूळ बीज शेरलॉक होम्सच्या कादंबरीतल्या, घराण्याच्या जिवावर उठलेल्या बास्करव्हिलच्या कुत्र्याचं, फक्त कुत्र्याच्या जागी गाणं आलं. ‘कहीं दीप जले कहीं दिल’ ऐकू आलं की माणूस घराबाहेर पडतो आणि मारला जातो. गाणं इथे गळाला लावलेलं आमिष आहे. गळ कोणी टाकलाय, एवढाच प्रश्न. त्यामुळे डॉक्टरपासून सगळ्यांवर संशय घेत आपण शेवटपर्यंत बसतो. मधेमधे असित सेनचा जासूस गोपीचंद वेळ खातो, पण चालतं. त्या गाण्याने लताबाईंना आणि शकील बदायुनींना फिल्मफेअर मिळवून दिलं, आणि चित्रपटही तुफान चालला.

‘कोहरा’त परकी आहे वहिदा. घर नवऱ्याचं आणि, खरं तर, त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोचं. ही दाफ्ने द्यू मोरिएच्या १९३८ च्या ‘रिबेका’ची गोष्ट. हिचकॉकने १९४० मध्ये तिच्यावर चित्रपट केला होता. त्या कादंबरीत पहिली बायको एकदाही समोर येत नाही. रुमालावर, वहीवर तिच्या नावाचं आद्याक्षर दिसतं, आणि दुसरीला तेवढं पुरतं. तिला भुताची भीती नसते. ‘मी तिच्याइतकी चांगली नाही’ ही भीती असते.

‘कोहरा’ने नेमकी ती भीती टाकून भूत घेतलं. दारं, पडदे, वारा, पुन्हा दारं. पहिल्यांदा दचकायला होतं, चौथ्यांदा आपण चहा टाकायला उठतो. बिरेन नाग मुळात कलादिग्दर्शक, ‘प्यासा’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ची सजावट त्यांची. इथेही घर असं उभं केलंय की एकेक चौकट बघत राहावी. पण नवरा-बायकोत काय तुटतंय ते त्या घरात कुठे सापडत नाही, आणि विश्वजीतच्या गुळगुळीत चेहऱ्याची त्याला मदत होत नाही. पूर्वी जमलेलं धुकं-हवेली-गाणं पुन्हा वापरलं, पण ही गोष्ट ‘खुनी कोण’ची नव्हती. माझ्या मते घसरलं ते तिथेच.

एक ललिता पवार मात्र कसर भरून काढतात. दाईमाँ झालेल्या या येवल्याच्या बाई नुसत्या बघतात तेव्हा घरात खरंच कुणीतरी तिसरं आहे असं वाटतं. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा डावा डोळा अधू झाला होता. तोच डोळा इथे दारं-खिडक्यांच्या आपटण्यापेक्षा जास्त काम करतो.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “‘ये नयन डरे डरे’ कशातलं?”

“‘कोहरा’तलं. हेमंतदांनी आपलीच १९५९ ची बंगाली चाल पुन्हा वापरली, शब्द कैफी आझमींचे.”

“मग मला ‘कोहरा’च आवडतो,” म्हणाली आणि भात वाढून घेतला.