जमीन शेतातच राहू दे, मजले शहरात चढू दे

नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला माझ्या मामांची तीन एकर द्राक्षबाग आहे. पूर्वी चारी बाजूंनी बागाच होत्या, आता पूर्वेच्या गटात प्लॉट पडलेत, खांब रोवून झालेत आणि एक तीन मजली बिल्डिंगपण उभी राहिलीय. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची, फवारणी सुरू झाली की बिल्डिंगमधून फोन येतो, लहान मुलं आहेत हो, औषध मारू नका. त्यांचंही चूक नाही. पण ढगाळ हवेत बाग चार दिवस विनाफवारणीची सोडली तर घड गेलेच समजा. शेती एकदम जात नाही, मधेच एका गटात प्लॉटिंग घुसतं आणि मग शेजारच्यालापण शेती नकोशी होते, की लगेच एजंट विसार घेऊन दारात.

शहर वाढणार, ते थांबवा असं मी म्हणत नाहीये. घरं लागतातच लोकांना. पण ती आडवी पसरायची की उभी चढायची हे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठीचं एक साधन नाशिककरांना चांगलं माहितीये, फक्त ते वेगळ्या कामाला वापरतोय आपण. टीडीआर, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेणं.

सातबाऱ्यावर नाव एक असलं तरी हक्क बरेच असतात, कसायचा, विहीर खोदायचा, विकायचा, आणि बांधायचा. यातला बांधायचा हक्क सुटा काढून दुसऱ्या जागी नेता येतो. आपल्याकडे काय होतं, डीपीत म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात गार्डनचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडलं की मालक जमीन महापालिकेला देतो, पैशांऐवजी डीआरसी म्हणजे विकास हक्काचं सर्टिफिकेट घेतो, ते बिल्डरला विकतो आणि बिल्डर दुसऱ्या प्लॉटवर तेवढा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, लोड करून मजले वाढवतो. मुंबईत हे १९९१ च्या नियमावलीपासून चालू आहे. पण यात जमीन मालकाच्या हातून जाते. शेत शेत म्हणून वाचवायला हे वापरलं जात नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहराला लागून माँटगोमेरी काउंटी आहे, तिथे नेमकं हेच केलं. १९८० मध्ये जवळपास ९३,००० एकर जमीन शेतीसाठी राखली. आधी ५ एकरांना एक घर बांधता यायचं, ते २५ एकरांना एक केलं. पण शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलं नाही, दर ५ एकरांमागे एक विकता येणारा हक्क दिला. म्हणजे १०० एकरवाल्याकडे २० हक्क, शेतावर घरं जास्तीत जास्त ४, बाकीचे १६ ठरलेल्या शहरी भागातल्या बिल्डरला विकायचे. जमीन त्याचीच, पीक त्याचंच, फक्त विकलेल्या हक्काचं घर तिथे परत कधी उठणार नाही, पुढच्या मालकालासुद्धा ते लागू. असं करत ५०,००० एकरांहून जास्त जमीन बांधकामापासून कायमची सुटली.

मग इथे का नको? नको नाहीच, पण आहे ते सूत्र तसंच उचलून चालणार नाही. सध्या टीडीआर वापरताना दोन्ही जागांच्या रेडीरेकनरचं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांचं, गुणोत्तर लावतात. समजा शेताचा दर चौरस मीटरला १,००० रुपये आणि शहरातल्या गंगापूर रोडच्या प्लॉटचा ४०,०००, तर शेतावरचा १०० मीटरचा हक्क तिथे अडीच मीटर होतो. एवढ्यासाठी कोण कायमचा हक्क सोडेल! शेतीसाठी हिशोब वेगळाच मांडावा लागेल. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. सरकारकडे प्रीमियम भरून एफएसआय स्वस्तात मिळत असेल तर बिल्डर शेतकऱ्याकडे येईलच कशाला?

आणि ही जमीन वाचवायची तर का, तेपण बघू. आपल्या खाली बेसाल्टचा कातळ आहे. कातळाला पोकळी कमी, त्यामुळे पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तिथपर्यंत ते मातीतून झिरपतच जातं. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्यातून सरळ आत उतरतं, मग माती फुगून भेगा मिटतात. त्याच जमिनीवर काँक्रीट ओतलं की तेच पाणी नाल्यातून गोदावरीत, तेही सगळं एकाच वेळी. पुराच्या दिवशी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं हे आपण फोन करकरून विचारतो ना, त्या पाण्यात मखमलाबादच्या प्लॉटांवरून आलेलंपण पाणी असतं. एकदा मुरूम टाकून रोलर फिरवला की ती माती परत मिळत नाही, इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

अर्थात जिथे मजले चढवायचे तिथली ड्रेनेज लाईन, पाणी, रस्ता आधी वाढवायला हवा, नाहीतर कॉलेज रोडसारख्या शहरी भागातले रहिवासी विरोध करतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

मला खरी घाई वाटते ती दराची. रिंगरोडची चर्चा निघाली की शेताचा भाव एकराऐवजी गुंठ्यात बोलायला लागतात, आणि एकदा गुंठ्याचा भाव डोक्यात बसला की कुठलाही हक्क त्याची भरपाई करू शकत नाही. मामांना मी हे सगळं समजावून सांगितलं तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, हक्काचे पैसे एकरकमी मिळतील का, बोअर आणि शेडनेटचं कर्ज फिटतंय तेवढ्यात, मग बाग मी सोडतच नाही.