डीव्हीडी केली म्हणून कॅसेट फेकू नका

आपल्या सोलापुरात अजून बरेच जण सांगतात की कॅमेऱ्याची जुनी कॅसेट एकदा डीव्हीडीवर घेतली की विषय संपला, ती कायम टिकते, कॅसेट टाकून द्या. हे चुकीचंय, आणि त्यापायी लोकांची लग्नं, बारशी, गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वज सगळं कायमचं जातंय म्हणून कळकळीनं लिहितोय.

घरी राइट केलेल्या डीव्हीडीत एक रंगाचा थर असतो, लेझरनं त्याच्यावरच खुणा उमटतात, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यानं तो थर खराब होतो. आता आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखालच्या कपाटात डिस्क ठेवली तर काय होणार सांगा. माझ्या मावशीच्या लग्नाची डिस्क अशीच अर्ध्यात अडकते, मंगलाष्टका सुरू झाल्या की बंद, आणि मूळ कॅसेट तर केव्हाच कचऱ्यात गेली.

दुसरं म्हणजे क्वालिटी. मिनीडीव्हीची (कॅमेऱ्यातली छोटी डिजिटल कॅसेट) एक तासाची कॅसेट जशीच्या तशी घेतली तर जवळपास १३ जीबी होते, साध्या डीव्हीडीत जागा ४.७ जीबी, म्हणजे चित्र दाबूनच बसवावं लागतं. त्यापेक्षा फायरवायरनं (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची केबल) कॉम्प्युटरवर मूळ फाइल घ्या, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, टीव्हीवर बघायला डीव्हीडी हवी तर खुशाल करा. व्हीएचएस, हाय-एट या जुन्या, डिजिटल नसलेल्या कॅसेटींना कॅप्चर कार्ड (प्लेअरचं चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं साधन) लागतं. पण चालू प्लेअर आत्ताच शोधा, व्हीसीआर बनवणं २०१६ लाच थांबलंय.